डाव्या गालातलं नाणं

माझ्या सासूचा डावा गाल हाच तिचा बटवा होता. तशी चिल्लर तोंडात सगळेच धरतात. ओबोल म्हणजे केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा चांदीचा तुकडा. मुठीत धरला तर घामानं निसटतो, वस्त्राच्या टोकाला बांधला तर बाजारातल्या चोरांची चंगळ. माझा नवरा फानियास मासे आणायला निघाला की पैसे गालात टाकतो, आणि वाटेत कुणी काही विचारलं तर नुसतं हुं हुं करत पुढे जातो.

पण लिसिल्लाची, म्हणजे माझ्या सासूची, गोष्टच वेगळी होती. तिचे डावीकडचे दात कधीच पडले होते, त्यामुळे तिकडे ऐसपैस जागा. उजवीकडून खायचं, डावीकडे पैसे ठेवायचे. बाजारात ती भाजलेले हरभरे आणि सुके अंजीर विकायची. गिऱ्हाईकानं नाणं दिलं की ते आधी जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे, आणि मग दोनच गोष्टी व्हायच्या. नाणं खरं असलं तर जीभ त्याला अलगद ढकलून डाव्या गालात नेऊन ठेवायची. आत तांबं आणि वरून चांदीचा मुलामा असला, तर थू! नाणं गिऱ्हाईकाच्या पायाशी. त्यानंतर त्या गिऱ्हाईकाच्या सात पिढ्यांचा उद्धार ती करायची, तो वेगळा.

मी घरी हरभरे भाजायची, ती बाजारात विकायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघी भांडायचो. "हेदिस्ते, आज पुन्हा करपवलेस! गिऱ्हाईक काय कोळसे चावायला येतं?" ती म्हणायची. "तुमच्या तोंडात पैसेच पैसे, चव कुठून लागणार, सासूबाई?" मी म्हणायची. माझं काही तिच्यापुढे चालायचं नाही, पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी चार माणसं तिला फळीवर घालून घेऊन आली. बाजारात कुणाशी तरी हुज्जत घालताघालता ती हरभऱ्याच्या टोपलीवर कोसळली होती. हात थंड, डोळे वर गेलेले. शेजारच्या म्हाताऱ्या आत्यानं पितळी आरसा आणून तिच्या नाकापुढे धरला. आरसा लख्ख राहिला. आत्यानं मान हलवली आणि माझ्या नवऱ्यानं भिंतीला टेकून तोंड झाकून घेतलं.

मग जे करायचं ते केलं. दाराबाहेर पाण्याचा घडा ठेवला, आल्यागेल्यानं शिंपडून घ्यायला. आम्ही बायकांनी तिला न्हाऊ घातलं, तेल लावलं, पांढरं वस्त्र नेसवलं, खाटेवर रानतुळशीचे तुरे पसरून पाय दाराकडे करून निजवलं. न्हाऊ घालण्याआधी तिच्या डाव्या गालातली दिवसभराची कमाई मीच बोट घालून काढली होती. तेव्हा मला रडू फुटलं. इतकी वर्षं जिच्याशी भांडले, तिच्यासाठी मी रडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मेलेल्यांना काळ्या पाण्यापलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून एक चोख ओबोल मी सगळ्या बायकांदेखत तिच्या जिभेखाली सारला. मग हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली, की जबडा मिटलेला राहावा. झालं. आता दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत तिला वेशीबाहेर, कुंभारवाड्यापलीकडे न्यायचं, एवढंच उरलं होतं.

माझी नणंद मालथाके बंदरावर दिलेली. ती सांजेला पोचली, आणि पोचल्यापासून केस मोकळे सोडून आक्रोश करता करता एका डोळ्यानं घरातल्या वस्तू मोजत होती. मधेच रडणं थांबवून म्हणाली, "वहिनी, ओबोल चोख ठेवलास ना? का आपली कुठलीतरी झिजकी अर्धी चिल्लर?"

"वन्सं, तुमच्या आईच्या तोंडात खोटं नाणं घालायची कुणाची छाती आहे?" मी म्हटलं.

"तोंड बंद झाल्यावर काय, कुणीही काही घालेल," ती म्हणाली आणि पुन्हा गळा काढला.

पहाटे फटफटायला लागलं तशी पुरुषमंडळी आली. गाडी दारात लागली. सगळ्यांच्या पुढे आमचे थोरले काका मोल्पिस, दाढी विंचरून तयार. "चला, आटपा, आटपा! सूर्यानं प्रेत बघता कामा नये. कायदा आहे. उगाच दंडाची भानगड नको."

तेवढ्यात मालथाके खाटेवर वाकली, आणि मला कळायच्या आत तिनं हनुवटीची पट्टी सोडली. आईचा जबडा खाली ओढून तिनं जिभेखाली बोट घातलं. डावीउजवीकडे फिरवलं. मग ती ताठ उभी राहिली आणि असं किंचाळली की गाडीचं खेचर बिथरलं.

"नाणं नाही! मेलीनं मेलेल्याच्या तोंडातलं नाणं चोरलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण चोर? सगळ्यांच्या देखत ठेवलं मी!"

"ठेवलंस सगळ्यांच्या देखत, आणि काढलंस कुणी बघत नसताना! आता माझी आई त्या काळ्या पाण्याच्या काठावर उभी राहणार, आणि नावाडी तिला हुसकून देणार! दादा, बघ तुझी बायको!"

फानियास माझ्याकडे बघत राहिला. काका म्हणाले, "हे असलं घरात ठेवायचं नसतं." त्यांनी ते हळू म्हटलं, पण मला ऐकू आलं. बायका माझ्यापासून सरकल्या. नवऱ्याच्या आईच्या तोंडातून ओबोल काढणारी बाई म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत मला माहेरी रवाना केलं असतं आणि कुणी हूं की चूं केलं नसतं.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. मी खाटेवर वाकले आणि स्वतःच सासूच्या तोंडात बोट घातलं. जिभेखाली खरंच काही नव्हतं. उजव्या गालात नव्हतं. मग सवयीनं बोट डावीकडे गेलं, हिरडीच्या मागे, अगदी आत, जिथून आदल्या दिवशी कमाई काढली होती तिथे.

ओबोल तिथे होता.

मी तो बाहेर काढून दिव्याजवळ धरला. "हा घ्या! चोर म्हणत होता ना? हा घ्या तुमचा ओबोल!" आणि बोलताबोलताच माझी जीभ जागच्या जागी थांबली. तो ओबोल ओला होता. माझी बोटं ओली होती. आणि सासूची मान उशीवर उजवीकडे कललेली होती, मीच तशी ठेवली होती. सरकलंच असतं तर ते नाणं खाली, उजवीकडे सरकलं असतं. ते वर चढलं होतं. डावीकडे.

"अहो," मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. "अहो, ह्यांनी पैसे आत टाकले!"

"काय?"

"सासूबाईंनी! मी जिभेखाली ठेवलं होतं. ह्यांनी जिभेनं ढकलून गालात टाकलं. तुम्हाला माहीत नाही का त्या नाणं कुठे ठेवतात? मेलेलं माणूस पैसे जपून ठेवतं का? आई जिवंत आहे तुमची!"

फानियास आईच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मालथाके म्हणाली, "बघा, आता अंगाशी आलं तर कशी गोष्ट रचतेय. न्हाऊ घालताना सरकलं असेल."

"न्हाऊ घातल्यावर ठेवलं!"

"मग पट्टी बांधताना."

काका पुढे आले. "सूनबाई, दुःखानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. मीही पाहिलंय. पण पूर्वेला बघ. चला रे, उचला."

मी सासूला गदागदा हलवलं. "सासूबाई! अहो सासूबाई!" चिमटा काढला, चांगला पिळून काढला. मनात आलं, एरवी हिला चिमटा काढायला मिळाला असता तर काय आनंद झाला असता. काही नाही. आत्यानं पुन्हा आरसा धरला, पुन्हा लख्ख. तिचे डोळेच इतके अधू की आरशावर ढग उतरले असते तरी तिला दिसले नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. पण मी स्वतः पाहिलं, तर मलाही काही दिसलं नाही. बाहेर आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं, आणि माझ्या हातात वेळ उरला नव्हता.

तेव्हा माझी नजर चुलीच्या वर गेली. तिथे खिळ्याला दोरीत ओवून एक ओबोल टांगलेला होता. वरून चांदी, कडेला खाच, खाचेतून तांबं दिसणारं. एका परदेशी खलाशानं तो सासूला दिला होता, आणि तिनं तो थुंकून पुन्हा उचलून घरी आणला होता. "हा इथे राहू दे," ती म्हणाली होती, "तुला ओळख पटावी म्हणून. तुझी जीभ म्हणजे नुसती बडबडायला दिलेली."

मी धावले. दोरी तोडली, ते नाणं घेतलं आणि तिच्या जिभेवर, अगदी मधोमध ठेवलं.

"हे काय आता?" काका म्हणाले.

"खोटं नाणं आहे," मी म्हटलं. "सासूबाईंच्या जिभेवर खोटं नाणं आजपर्यंत कधी टिकलं नाही. एवढंच बघा. एवढंच बघून मग न्या. ह्यांनी ते टाकलं नाही तर मी चोर, मी आजच माहेरी जाते, कुणी सांगायला नको."

फानियास आयुष्यात पहिल्यांदा काकांपुढे आडवा झाला. बिचारा चपला शिवणारा माणूस, भांडणाला भितो. पण तो खाटेच्या आणि काकांच्या मधे उभा राहिला आणि म्हणाला, "थांबायचं."

आम्ही थांबलो. सगळे तिच्या तोंडाकडे डोळे लावून. दारातून खेचराच्या खुरांचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात विनवत होते, टाका ना सासूबाई, टाका, तांबं आहे ते, घाण आहे, कडू आहे. मालथाकेसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होती. काही झालं नाही. आभाळ उजळत गेलं. काही झालं नाही.

"पुरे," काका म्हणाले. त्यांनी फानियासला खांद्यानं बाजूला केलं, बाकीच्यांना खूण केली आणि स्वतः डोक्याकडच्या बाजूला वाकले. "उचला!"

"थू!"

नाणं काकांच्या दाढीत जाऊन अडकलं.

पुढे काय झालं ते धड सांगता येणार नाही, कारण सगळं एकदमच झालं. खाट उचलणाऱ्यांनी हात सोडून दिले, खाट दाणकन खाली आली. काका मागच्या मागे तेलाच्या कुप्यांवर कोसळले आणि कुप्या फुटून घरभर तेल वाहिलं. मालथाकेची बोबडी वळली, ती "आ आ आ" करत दारापाशी पोचली आणि पाण्याच्या घड्यात अडखळून पडली. आत्या आरसा टाकून पळाली. त्या वयात तिला पळता येतं हे कुणाला माहीत नव्हतं. आणि खाटेवर, पांढऱ्या वस्त्रात, माझी सासू नाक मुरडून पडली होती. तिचे ओठ हलत होते.

मी कान तिच्या तोंडाला लावला.

"तांबं," ती पुटपुटली. "कुणी... दिलं?"

"मी दिलं, सासूबाई!" मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही.

"वाटलंच," ती म्हणाली.

फानियासनं तिला मिठी मारली, मला मिठी मारली, मग काकांच्या दाढीतून ते नाणं काढून त्याची पापी घेतली. माझा जीव भांड्यात पडला. तिला मधाचं पाणी पाजलं, पाय चोळले, आणि सूर्य चांगला वर आला तेव्हा ती उठून बसली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला. "टोपलीतले हरभरे सांडले, ते गोळा कुणी केले?"

पण गोष्ट तिथे संपली नाही. काका तेल पुसत पुसत म्हणाले, "जिवंत आहे ते ठीक. पण विधी झालेत. न्हाऊ घातलं, रडून झालं, भाडं दिलं. हिशेबानं ती मेलेली आहे. देवळात येऊ द्यायची नाही, आणि बाजारात तर मुळीच नाही. मेलेल्या बाईचे हरभरे कोण खाईल?"

ते काही दुष्टपणानं बोलत नव्हते. खरंच होतं ते. पुरोहितानंही तेच सांगितलं, आणि उपाय तोच जुना सांगितला: तिला पुन्हा जन्माला घालायचं. एका बाईनं तिला आपल्या वस्त्रातून बाहेर काढायचं, मग न्हाऊ घालायचं, दुपट्यात बांधायचं, दूध पाजायचं, बाळाचं जे जे करतात ते सगळं करायचं.

"मी करते," मालथाके म्हणाली. आता तिला कशाचीच भीती उरली नव्हती आणि भरपाई करायची घाई झाली होती. "मी तिची लेक आहे."

"तू गप्प बस," सासू म्हणाली. "तुला तर बोट घालूनही सापडलं नाही. हेदिस्ते काढेल. अर्धं तिनं ओढून काढलंय, आता पुरतं काढू दे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी म्हटलं, "सासूबाई, तुम्ही जड आहात."

"सगळी बाळं जड असतात. आईला विचारून बघ तुझ्या."

मग मी माझं सगळ्यात मोठं, सैल वस्त्र नेसून चुलीजवळ बसले आणि माझी सासू खालून आत शिरली. तिची कोपरं माझ्या बरगड्यांत रुतत होती. "हळू!" "तूच हळू, जागा कर!" "आता मान कुठून काढू?" "जिथून उजेड दिसतो तिथून काढा!" बायका हसून हसून लोटपोट. आणि माझ्या गळ्यापाशी तिचं पांढरं डोकं वर आलं, लाल झालेलं, केस विस्कटलेले, तोंड वेडंवाकडं. आम्ही दोघी नाकाला नाक लावून एकमेकींकडे बघत राहिलो. इतक्या जवळून तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी झाली म्हणून दारावर लोकरीचा गुच्छ टांगला. शेजारची लेडे तान्ह्या बाळाची आई, तिनं लाजत लाजत चमचाभर दूध काढून दिलं, तर आमचं बाळ म्हणालं, "पातळ आहे. लसूण कमी खात जा." आणि बापानं बाळाला घेऊन चुलीभोवती धावायचं असतं, ते फानियासला करावं लागलं. माझा नवरा आपल्या आईला दोन्ही हातांवर घेऊन चुलीभोवती धावला, धापा टाकत, घामाघूम, आणि ती वरून ओरडत होती, "अरे पाडशील! तुझा बापही असाच धसमुसळा होता!" नाव ठेवायच्या दिवशी काका स्वतः भेट घेऊन आले आणि आम्ही तिला तिचंच नाव ठेवलं.

महिना उलटायच्या आत ती बाजारात होती. लोक तिला बघायला येत आणि हरभरे घेऊन जात. धंदा असा चालला की मला दुसरी कढई घ्यावी लागली. ती मुद्दाम सगळ्या बाजारासमोर मला मोठ्यानं हाक मारायची, "आई! अगं आई! आज पुन्हा करपवलेस!" आणि मी म्हणायची, "कार्टे, मोठ्यांशी असं बोलतात का?" गिऱ्हाइकांना वाटायचं आमची थट्टा चाललीय. ती थट्टा होतीच. पण घरी, कुणी नसतानाही, ती मला पुन्हा कधी सून म्हणाली नाही.

ती पुढे बरीच वर्षं जगली. मग एका थंडीत, अंथरुणात, शांतपणे गेली. आरसा धरला, हात थंड होते. मालथाके बंदरावरून आली, माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, ते नाणं... एकदा बघ ना."

मलाही तेच करायचं होतं. चुलीवरच्या खिळ्याला ते खोटं नाणं अजून होतं. मी ते काढलं, तिच्या जिभेवर मधोमध ठेवलं आणि आम्ही सगळे जमलो. काकाही होते, ह्या वेळी ते लांब उभे राहिले. कुणी कुणाला घाई केली नाही. मालथाके माझा हात धरून होती. मी मनात म्हणत होते, टाक गं पोरी, टाक, तांबं आहे ते.

नाणं जिभेवर तसंच राहिलं.

तेव्हा मी ते काढून घेतलं आणि चोख ओबोल हातात घेतला. जिभेखाली ठेवायचा असतो, मला माहीत आहे. मी तो डाव्या गालात ठेवला, हिरडीच्या मागे, अगदी आत, तिला सापडेल असा.